प्रश्न क्रमांक तीनबाबत माझं मत

दोहातल्या अल दुहैलमधल्या आमच्या कंपाउंडात, म्हणजे एका भिंतीआडच्या चाळीस बंगल्यांच्या वसाहतीत, दाराखालून कागद सरकला की तो दोनच प्रकारचा असतो. एक, पाण्याची टाकी धुणार असल्याचा. दुसरा, झुरळांची फवारणी असल्याने ओट्यावरचं सामान झाकून ठेवण्याचा. त्यामुळे जानेवारीतल्या त्या गुरुवारी कागद आला तेव्हा शोभाने, म्हणजे माझ्या बायकोने, तो न वाचताच फ्रिजवर चिकटवला आणि मसाल्याचे डबे आवरायला घेतले. मला मात्र कुठलाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. (औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा मी पूर्ण वाचतो. म्हणूनच मला प्रत्येक औषधाचे सगळे दुष्परिणाम होतात, असं शोभाचं म्हणणं.) अर्ध्यावर पोचल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती फवारणी नव्हती. ते मतदान होतं.

'कंपाउंडच्या सुधारणेसाठी तीन प्रस्तावांवर कौल घेण्यात येत आहे', असं डावीकडे इंग्रजीत आणि उजवीकडे अरबीत छापलेलं होतं. एक बंगला, एक मत. खाली मोबाइलने स्कॅन करायचा चौकोन. मुदत पुढच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत.

माझी स्थिती जरा समजून घ्या. मी सतरा वर्षं कतारमध्ये आहे. इथे मला मत नाही, आणि ते योग्यच आहे. पाहुण्याने यजमानाच्या घरात पडदे कुठले लावायचे ते सांगू नये. नाशिकला मला मत आहे, पण ते द्यायला स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, आणि निवडणुकीच्या तारखा ठरवणारे आमच्या प्लांटचं शटडाउन कधी आहे ते विचारत नाहीत. तरीही या सतरा वर्षांत नाशिकच्या महापालिकेपासून आइसलंडच्या संसदेपर्यंत एकही निवडणूक माझ्या भाष्यावाचून पार पडलेली नाही. 'खैरनारांचा कौल' या नावाने मी ते व्हॉट्सॲपवर दोनशे छप्पन्न लोकांना पाठवतो. दोनशे छप्पन्न ही व्हॉट्सॲपची मर्यादा आहे, माझी नव्हे. त्यात मराठी न येणारे काही शेजारीही आहेत. लिपी त्यांच्या नजरेखालून जात राहावी, एवढाच हेतू.

आता सतरा वर्षांनी खुद्द मला कोणीतरी मत विचारत होतं.

पहिला प्रस्ताव बॅडमिंटन कोर्ट मोडून तिथे पॅडल कोर्ट करण्याचा होता. पॅडल म्हणजे काचेच्या खोलीत कोंडलेलं टेनिस. सध्या दोहामध्ये ज्याला ज्याला गुडघे आहेत तो तो हे खेळतो. दुसरा प्रस्ताव, पुढच्या अंगणात कपडे वाळत घालायला बंदी. तिसरा, गेटवर गाडीची नंबरप्लेट वाचून आपोआप उघडणारा बॅरियर बसवायचा आणि तिथली माणसाची चौकी बंद करायची.

तिसऱ्या प्रस्तावाबाबत मी संपूर्ण निःपक्षपाती होतो, एवढं आधीच सांगून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास मी मिशी काढली होती. त्या संध्याकाळी दूध घेऊन पायी परत येताना गेटवरच्या इरशादने मला अडवलं, कोणाकडे जायचंय ते विचारलं, आणि रजिस्टरमध्ये नाव, वेळ आणि भेटीचं कारण लिहायला लावलं. अकरा वर्षं हा माणूस मला रोज सलाम करत आलेला. भेटीचं कारण या रकान्यात मी 'राहतो' असं लिहिलं. शोभा तीन दिवस हसत होती. ते सगळं मी केव्हाच विसरलो आहे.

गुरुवारची रात्र आणि शुक्रवारची सकाळ खर्चून मी भाष्य लिहिलं. तिन्ही प्रस्तावांना माझा पाठिंबा होता. पहिल्याला, कारण मला बॅडमिंटनमध्ये शेजारच्या नीता सरपोतदार नेहमी हरवतात. (लिहिताना मी 'बदलत्या क्रीडासंस्कृतीचं भान' असं लिहिलं.) दुसऱ्याला, कारण आमचे कपडे मागच्या अंगणात वाळतात. आणि तिसऱ्याबद्दल लिहिलं, 'होय. निःसंदिग्ध होय. प्रवेशद्वारावरचा मानवी हस्तक्षेप ही गतकाळाची खूण असून यंत्र कोणाची मिशी पाहत नाही.' शेवटचे पाच शब्द नंतर खोडले.

चहा पिता पिता शोभाने ते वाचलं आणि विचारलं, "पण इरशादचं काय होणार?" मी तिला समजावून सांगितलं की धोरण ठरवताना व्यक्ती आड आणायच्या नसतात. ती बरं म्हणाली आणि येताना कोथिंबीर आणा म्हणाली.

मग मी मतदान केलं. आमची ईरा तेरा वर्षांची, या गोष्टीची साक्षीदार असावी म्हणून तिला बाजूला उभं केलं. तिने पडद्याकडे पाहून सांगितलं, "बाबा, इट सेज फीडबॅक. नॉट व्होट." मी तिला लोकशाहीत शब्दांपेक्षा भावना कशी महत्त्वाची असते ते दहा मिनिटं सांगितलं. ती ओके म्हणाली. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांचं ओके म्हणजे 'तुमचं चालू द्या' असतं, पण तेव्हा मी भारावलेला होतो. तीन वेळा 'येस' दाबलं, 'थँक यू' आलं, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

भाष्य यादीवर गेलं. संध्याकाळपर्यंत चार अंगठे, एक गुलाबाचं फूल, आणि आमच्या कंपनीच्या ॲडमिन विभागातल्या इग्नेशियस तुस्कानोचा 'व्हेरी क्लिअर सर' असा निरोप आला. इग्नेशियस वसईचा, मराठी शाळेत शिकलेला, कंपनीतला माझा एकमेव नियमित वाचक. नीताताईंचाही फोन आला, पण त्यांनी भाष्यावर जे भाष्य केलं ते इथे देण्यासारखं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. यादीत माझा नाशिकचा चुलतभाऊ शिवराजही आहे, हे मी विसरलो होतो.

शिवराजचं 'थेट पंचवटी लाइव्ह' नावाचं बातम्यांचं पोर्टल आहे. म्हणजे शिवराज, त्याचा मोबाइल आणि एका मिठाईवाल्याची जाहिरात. शनिवारी सकाळी त्यावर बातमी झळकली: 'कतारमध्ये मराठी माणसाचा एल्गार! तीन प्रश्नांवर आरपारची लढाई!' खाली एक उंट. उंटाच्या बाजूला माझा मिशीवाला पासपोर्ट फोटो, आणि आम्हा दोघांच्या मागे ज्वाळा. बातमीत मी 'आखातातील ज्येष्ठ राजकीय विश्लेषक' झालो होतो. हे विशेषण मी दोनदा वाचलं. एकदा घाबरून, आणि एकदा चवीने.

शिवराजला फोन केला तर तो म्हणाला, "संजूदादा, अकरा हजार व्ह्यूज झाले. तू फक्त गेटसमोर उभा राहून एक बाइट दे." मी सांगितलं की इथे असलं चालत नाही, ताबडतोब काढ. त्याने ताबडतोब काढली आणि तिच्या जागी दुसरी टाकली: 'ती बातमी का हटवली? कोणाचा दबाव? वाचा सविस्तर'. सविस्तरमध्ये मिठाईवाल्याची जाहिरात होती. या बातमीला चोवीस हजार व्ह्यूज मिळाले.

रविवारी (इथला आठवडा रविवारी सुरू होतो) कामावर गेलो तर एचआरच्या बाईंचं बोलावणं. बाईंच्या टेबलावर माझी, उंटाची आणि ज्वाळांची रंगीत प्रिंट होती. त्यांनी बातमी मोबाइलवर भाषांतर करून वाचली होती, आणि त्यात 'लढाई' आणि 'कतार' हे शब्द शेजारी शेजारी आलेले. लढाई बॅडमिंटन कोर्टाची आहे, हे सांगायला मला पंचवीस मिनिटं लागली. कपड्यांच्या दोरीपाशी पोचल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या की मी चांगला इंजिनियर आहे, इंजिनियरच राहावं, आणि यापुढे या विषयावर लेखी काहीही नको. मी होकार दिला. इतक्या लवकर लेखणी म्यान करणारा विश्लेषक जगात दुसरा नसेल.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला दारावरची बेल वाजली. इरशाद उभा होता. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच गेट सोडून आमच्या दारात आलेला. युनिफॉर्मची टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात तोच कागद, चार घड्या घातलेला.

"साहब, आप पढ़े-लिखे हैं," तो म्हणाला. "इसमें तीन नंबर में क्या लिखा है?"

मी वाचून दाखवलं. हिंदीत सांगताना वाक्यं फार छोटी होतात. गतकाळाची खूण वगैरे काही राहत नाही. मशीन लगेगी, चौकी बंद होगी, बस्स. त्याने मान हलवली. त्याला ते ठाऊक होतं, फक्त कोणाकडून तरी पक्कं करून घ्यायचं होतं. सिक्युरिटी कंपनीच्या सुपरवायझरने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की हे गेट गेलं तर त्याच्यासाठी दुसरी जागा नाही. बिरकत अल अवामेरच्या गोदामांवर पन्नाशीच्या आतले लोक लागतात, आणि इरशाद चोपन्नचा. म्हणजे थेट बिहारला, सिवानला परतीचं तिकीट. त्याची मुलगी फरहा पाटण्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मे महिन्यात तिची परीक्षा.

"मई तक की बात है, साहब. उसके बाद तो मैं खुद चला जाऊँगा." मग कागदाची घडी घालत तो म्हणाला, "लोग बोलते हैं आपने इस पर कुछ लिखा है. आपका लिखा सब मानते हैं."

माझं लिहिलेलं सगळे मानतात, हे वाक्य ऐकायला मी सतरा वर्षं आसुसलेलो होतो. ते यायचं होतं तर तेव्हाच आलं.

"अच्छा ही लिखा होगा," त्यानेच स्वतःची समजूत घातली. मी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते मानेवरच सोडलं. तो गेल्यावर मला इतकी लाज वाटली की मी बराच वेळ दाराकडे तोंड करून उभा होतो. मागे शोभा होती. "तेव्हाच मी विचारलं होतं, आता तुम्हीच निस्तरा," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

निस्तरायचं कसं? लेखी काही करायची बंदी. माझं स्वतःचं मत 'येस' म्हणून गेलेलं. ते परत घ्यायला पुन्हा स्कॅन केलं तर 'तुमचा प्रतिसाद आधीच नोंदवला आहे' असं आलं. सतरा वर्षांतलं माझं एकमेव मत, आणि तेही इरशादच्या विरोधात. उरला एकच मार्ग, दारोदार हिंडून तोंडी प्रचार. सोमवारी कामावरून आलो, शर्ट बदलला आणि निघालो.

सुरुवात नीताताईंपासून केली. त्या पुण्याच्या, बँकेत वरच्या हुद्द्यावर, आणि कंपाउंडातले निम्मे बंगले त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. इरशादचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना खरंच वाईट वाटलं, कारण त्यांच्या मुलाच्या सायकलचं चाक तोच नीट करून देतो. तिसऱ्याला विरोध करू, त्या म्हणाल्या, पण मग पहिल्यालाही विरोध झाला पाहिजे. पॅडल आलं तर आमचं बॅडमिंटन जाणार. मी म्हटलं, अर्थात. बदलत्या क्रीडासंस्कृतीचं भान मी त्यांच्या उंबऱ्यावरच सोडलं.

तिथून बावीस नंबरला. तिथे सॅम आणि ऑलिव्हिया हे मराठी न येणारं तरुण जोडपं. सॅमने नवी कोरी पॅडलची रॅकेट घेतलेली, ती सोफ्यावर पाहुण्यासारखी बसवलेली होती. तो म्हणाला, इरशादसाठी काय पण, फक्त पॅडल पास झालं पाहिजे. मी म्हटलं, अर्थात. दोघांनाही मी मनापासूनच शब्द दिला होता, फक्त वेगवेगळ्या वेळी. वर्तमानपत्रात नेत्यांना कोलांटउडी मारताना पाहून मी आजवर किती संतापलो असेन. प्रत्यक्षात ती मारताना काही जाणवत नाही. आपण सरळच चालत असतो.

मंगळवारी नीताताई आणि सॅम योगायोगाने एकाच वेळी आमच्या दारात उभे राहिले. पुढचा अर्धा तास मी पाणी, सरबत, चकल्या असं एकेक आणायला आत जात राहिलो. अखेर शोभाने बाहेर येऊन किमान समान कार्यक्रम ठरवून दिला: पहिल्या दोन प्रश्नांवर ज्याने त्याने हवं ते करावं, तिसऱ्यावर सगळ्यांनी 'नो'. दोघांनी लगेच मानलं. तुम्ही निवडणुकीला उभं राहायला हवं होतं, असं सॅम शोभाला म्हणाला. मी तिथेच होतो.

अर्थात पाठिंबा फुकट मिळत नाही. नीताताईंची अट होती की मी शुक्रवारच्या डबल्समध्ये पुन्हा त्यांचा जोडीदार म्हणून नाव देणार नाही. सॅमने मला बाजूला घेतलं आणि फार संकोचाने म्हणाला, "अंकल, मला त्या लिस्टमधून काढाल?" मला कळेना कोणत्या लिस्टमधून. 'खैरनारांचा कौल'च्या, हे कळलं तेव्हा मी मोबाइल काढून पुन्हा खिशात ठेवला. पण मे महिन्यातली परीक्षा डोळ्यांपुढे होती. काढलं. आणि ही सवलत मिळते हे बहुधा कंपाउंडात पसरलं असावं, कारण पुढे ज्या दारात जावं तिथे इरशादबद्दल बोलून होण्याआधीच माणसं हसून 'आणि ती लिस्ट...' म्हणायला लागली. चौदा नंबरच्या केरळी आजोबांनी तर आतून मोबाइलच आणून माझ्या हातात दिला. मतं वाढत होती आणि वाचक घटत होते. बुधवारी संध्याकाळी हिशेब केला तर चाळीसपैकी सदतीस बंगले तिसऱ्याच्या विरोधात होते, आणि माझी यादी दोनशे सदतीसवर आली होती. दोन्ही गोष्टींनी मला झोप आली नाही.

गुरुवारी कामावरून दुपारची सुट्टी काढून मी घरी थांबलो. साडेबाराला दाराखालून कागद सरकला.

'तिन्ही प्रस्ताव एकमताने मंजूर. बाजूने सव्वीस, विरोधात शून्य.'

अर्ध्या तासात आमच्या अंगणात अकरा माणसं जमली. सदतीस बंगल्यांनी विरोध केला असताना विरोधात शून्य कसे? माझ्या अंगात सतरा वर्षांचं सगळं वाचन संचारलं. मी शिष्टमंडळाचं नेतृत्व करत कंपाउंडच्या ऑफिसात शिरलो. तिथल्या मॅनेजर हिबा मॅडम जॉर्डनच्या, अत्यंत मृदू स्वभावाच्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना आधी कहवा दिला आणि मग लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं. तुम्ही मोबाइलवर भरलंत तो फीडबॅक. तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. मत असतं ते भाडेकरूला.

"मग आम्ही कोण आहोत?" मी टेबलावर हात ठेवून विचारलं.

"तुम्ही रहिवासी," हिबा मॅडम म्हणाल्या. भाडेकरार कंपन्यांच्या नावावर असतात, म्हणून भाडेकरू म्हणजे कंपन्या. सव्वीस बंगले आमच्या कंपनीचे. उरलेले चौदा चार वेगवेगळ्या कंपन्यांचे, आणि त्यांनी उत्तरच पाठवलं नव्हतं. सतरा वर्षं ज्या घराचे पडदे मी निवडले, त्या घराचं मत माझ्या ऑफिसात तिसऱ्या मजल्यावर राहत होतं.

फीडबॅकही बघा ना, असं म्हणून त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. तिसऱ्या प्रश्नावर 'नो' सदतीस, उत्तर नाही दोन, 'येस' एक.

"हा एक कोण आहे?" नीताताईंनी विचारलं.

मी म्हटलं, समाजात असेही लोक असतात. आणि विषय वाढायच्या आत जाहीर केलं की सव्वीस घरांच्या वतीने परस्पर मत देणारा हा जो कोणी आहे, त्याला मी आत्ताच्या आत्ता जाऊन जाब विचारणार. अकरा माणसांनी मला गाडीपर्यंत पोचवलं. बाहेर पडताना इरशादने उठून सलाम केला. कोणीतरी त्याला निकाल सांगितलेला दिसत होता. मी काच खाली केली नाही.

तिसऱ्या मजल्यावर ॲडमिनमध्ये गेलो आणि कंपाउंडचे फॉर्म कोण भरतं ते विचारलं. इग्नेशियसने खुर्चीतूनच हात वर केला. त्याचा चेहरा आनंदाने फुलून आला.

"सर, मीच," तो म्हणाला. "तुमचं वाचलं आनि दोन मिनिटांत भरून टाकला. असे फॉर्म हप्त्याला पन्नास येतात, कोन वाचतं? पन तुमचं एकदम क्लिअर होतं. एक नंबर होय, दोन नंबर होय, तीन नंबर निःसंदिग्ध होय. मी तसंच टिक केलं. सव्वीस वेळा. माझ्या मिसेसला, रोझमेरीला पन वाचून दाखवलं. ती बोलली, किती अभ्यास हाय सरांचा."

मी समोरच्या खुर्चीत बसलो. आयुष्यभर मी ज्या एका वाचकाची वाट पाहिली, ज्याने माझं भाष्य वाचावं, पटवून घ्यावं आणि त्याप्रमाणे जाऊन मत द्यावं, तो हा. एक नव्हे, सव्वीस मतांचा. बॅडमिंटन, दोऱ्यांवरचे कपडे आणि इरशाद, सगळ्यांना मी एकट्याने बहुमताने घालवलं होतं. दारोदार घेतलेले ते सदतीस 'नो' हिबा मॅडमच्या पडद्यावर मोलाचे होऊन पडले होते.

मग मी इग्नेशियसला सगळं सांगितलं. इरशाद, फरहा, मे महिना, आणि सोमवारपासून बदललेलं माझं मत. मिशीचंही सांगितलं. ते शोभाखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. तो हसला नाही. फॉर्म गेला सर, खलास, तो म्हणाला, तो आता परत येत नाही. पण नखाने टेबल टकटकवत त्याने थोडा विचार केला आणि पुढे म्हणाला की दोहाबाहेर उम्म सलाल मोहम्मद या गावात कंपनी स्टाफसाठी नवीन कंपाउंड घेते आहे, पहिल्या तारखेपासून. सिक्युरिटी तीच कंपनी देणार. तिथे आपण नाव घालून माणूस मागू शकतो, वयाची अडचण येत नाही. फक्त ओळखणाऱ्या कोणीतरी लेखी शिफारस द्यायला हवी.

लेखी हा शब्द ऐकून मला एचआरच्या बाई आठवल्या. मग दारातला चार घड्यांचा कागद आठवला. मी पेन मागितलं.

सवयीने 'आजच्या यंत्रयुगात' अशी सुरुवात झाली. इग्नेशियसने वाकून पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला की सिक्युरिटी कंपनीला फक्त नाव, नंबर आणि हाच माणूस पाहिजे एवढंच लागतं. मी तो कागद चुरगळला. दुसऱ्यावर चार ओळी लिहिल्या. अकरा वर्षं हा माणूस मला माहीत आहे, आम्हाला गेटवर हाच हवा. खाली सही. माझ्या लेखनातली ही सगळ्यात छोटी गोष्ट असावी.

त्याने ती वाचली, स्कॅन केली, आणि 'सेंड'वर बोट नेऊन थांबला.

"सर, हे फायनल हाय ना?"

"म्हणजे?"

"नाय, तुमचं दोन दिवसांनी बदलतं, म्हनून विचारलं. पायजे तर रविवारपर्यंत ठेवतो."

अपमान गिळायची मला बऱ्यापैकी सवय आहे, पण हा घशात अडकला, कारण तो बरोबर होता. मी खुर्ची त्याच्या टेबलाला अगदी लावून घेतली आणि म्हटलं, फायनल, आत्ता पाठव, उत्तर येईपर्यंत मी इथून उठत नाही. त्याने पाठवलं. मी बसून राहिलो. त्याने मला आपल्या डब्यातलं अर्धं तळलेलं पापलेट दिलं. ऑफिसातले लोक येता-जाता बघत होते. बसून बसून मी शिवराजचं पोर्टल उघडलं, तर आखातातील ज्येष्ठ विश्लेषक अज्ञातवासात गेल्याची बातमी होती. साडेतीनला उत्तर आलं. 'मान्य. एक तारखेपासून हजर व्हावे.' इग्नेशियसने त्याची प्रिंट काढून शिक्का मारून माझ्या हातात दिली.

परत आलो तेव्हा नीताताई आणि मंडळी अंगणात वाट पाहत होती. पण मी गाडी गेटपाशीच उभी केली आणि खाली उतरलो. चौकीत इरशाद बॅग भरत होता. भिंतीवरचं कॅलेंडर त्याने काढून गुंडाळलेलं होतं. मी कागद पुढे केला आणि वाचून दाखवला. छोट्या छोट्या वाक्यांत. उम्म सलाल, नया गेट, पहली तारीख से.

त्याने कागद घेतला आणि उलटा-सुलटा पाहिला. त्याला खरं वाटेना.

"मई तक?"

"त्यानंतरही, तुला हवं असेल तर," मी म्हटलं, आणि मग तेच हिंदीत सांगितलं.

त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. मला वाटलं आता तो माझ्या भाष्याबद्दल विचारणार, आणि या वेळी खरं सांगायचं मी ठरवलं.

"साहब," तो हळूच म्हणाला, "ये वोट से हुआ, कि सिफ़ारिश से?"

अंगणातली अकरा माणसं एव्हाना गेटपाशी येऊन कान देऊन उभी होती. लोकशाहीवर सतरा वर्षं लिहिलेलं सगळं माझ्या मनात येऊन गेलं.

"सिफ़ारिश से," मी म्हणालो.

इरशादने मोठा श्वास सोडला, कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि बॅगेची चेन लावली.

"फिर तो पक्का है," तो म्हणाला.